नवीनची शिफ्ट

दिवाळी होऊन आठ दिवस झाले तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. कापायला आलेलं भात शेतात आडवं झालं होतं. लोंब्या चिखलात लोळत होत्या. निशिगंधा साडी खोचून घोटाभर पाण्यात उभी राहायची, भाताच्या ताटांची एकेक चूड डाव्या हातानं उचलून झटकायची आणि मग विळा लावायची. उभं भात एका दिवसात होतं, तिथं आडव्याला तीन दिवस जातात. मजूर मिळत नव्हते. वाडीवरची माणसं फार्महाऊसच्या बांधकामांवर जात होती, तिथं चिखल तुडवायला लागत नाही.

शेत घराच्या मागंच होतं. पडवीतून हाक मारली तर ऐकू यावी एवढंच लांब. म्हणून तर ती सासऱ्याला एकटं ठेवून कापणीला उतरली होती. पण हाक कधी यायची नाही. दर अर्ध्या तासानं तीच पाय धुऊन वर जायची, पडवीच्या दारातून बघायची आणि परत खाली यायची.

सासरा हिरामण त्रेसष्ट वर्षांचा. मोहोपाड्याच्या एका कंपनीत तीस वर्षं लोडिंगला होता. भरलेला ड्रम कलता करून एका हातानं फिरवत टेंपोपर्यंत नेणारा माणूस. गेल्या वर्षी पोटात दुखायला लागलं, आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली आणि या गणपतीत कळलं की तो मणक्यात उतरलाय. मुंबईच्या डॉक्टरांनी नवीनला बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरीच ठेवा. दुखू नये एवढं आपण बघू." तेव्हापासून पडवीत खाट पडली. कमरेखाली जोर राहिला नव्हता. मांड्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या आणि गुडघे तेवढे मोठे दिसायचे.

निशिगंधाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. सासू त्याच्या आधीच वारलेली. या सात वर्षांत हिरामण सुनेशी समोरासमोर एक शब्द बोलला नव्हता. त्यात राग नव्हता, रीत होती. "ओवी, तुझ्या आयला सांग, पाणी ठेव म्हणावं." नात ओवी शाळेत गेलेली असली तरी तो तसंच बोलायचा. निशिगंधाही पदर पुढं ओढून भिंतीकडं बघत म्हणायची, "ठेवलंय म्हणावं." ओवीच्या वेळी ती बाळंत होऊन आली, तेव्हा हा माणूस रोज खोपोलीहून ताजी मासळी आणायचा, उंबऱ्यावर पिशवी ठेवायचा आणि रस्त्याकडं तोंड करून सांगायचा, "मांजरानं न्यायच्या आत घ्या म्हणावं."

आता त्याचं सगळं नवीन करायचा. नवीन साजगावच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार होता. आठवड्याला शिफ्ट बदलायची. फर्स्ट असली की साडेपाचला उठून बापाला पुसायचा, भांडं धरायचा, लुंगी बदलायचा आणि सातच्या आत गेटवर पोचायचा. रजा ऑपरेशनच्या वेळीच संपल्या होत्या. आता खाडा केला तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवायचे.

खाण्याचं कळायला निशिगंधाला वेळ लागला. आधी तिला वाटलं, भूकच मेलीय. सकाळी नऊला पेज नेऊन ठेवली की बारा वाजता तशीच, वर साय धरलेली. पाण्याचा तांब्याही तसाच. पण साडेतीनला नवीन आला की म्हातारा त्याच्या हातून अर्धी वाटी भात खायचा. पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट आली, तर हाच माणूस सकाळी आठला पेज प्यायला आणि दुपारनंतर तोंड मिटून बसला. नाईटला नवीन दिवसभर घरात झोपलेला असायचा, तेव्हा दुपारीही दोन घास जायचे.

"लेकाबिगर घास जात नाय त्यांना," ती नवीनला म्हणाली.

"आजारी माणूस. त्याचं काय धरतेस?" नवीन बुटाची नाडी सोडत म्हणाला. "तपासायला येते ती सिस्टर बोलली ना, भूक कमी होते म्हणून."

खरी गोष्ट तिला सिस्टर यायच्या बुधवारच्या दोन दिवस आधी, सोमवारी समजली. नवीनची फर्स्ट होती. अकराच्या सुमाराला सर आली म्हणून ती विळा घेऊन वर आली, तर हिरामण खाटेवर नव्हता. पडवीच्या उंबऱ्यावर तो पालथा पडला होता. अर्धं अंग आत, अर्धं अंगणात. एका हातानं उंबरा धरलेला, छातीला चिखल, आणि वीस पावलांवर संडासाचं पत्र्याचं दार.

"मामा!" ती धावली.

"हात लावायचा नाय म्हणावं!" तो जमिनीकडं तोंड करून ओरडला. आवाज फुटका होता, पण त्यात ड्रम फिरवतानाचा जोर होता. ती दोन हातांवर थबकली. पाऊस त्याच्या पाठीवर पडत होता. पाठीचे मणके मोजून घ्यावेत असे वर आले होते.

"भिजताय तुमी. उठवते फक्त."

"कुणाला तरी बोलवा म्हणावं. बाप्या माणसाला."

शेजारच्या सदूच्या खळ्यावर पत्र्याखाली मळणीचं मशीन चालू होतं. निशिगंधा पावसातच धावत गेली. सदू भला माणूस, लगेच आला. त्यानं हिरामणला काखेत हात घालून एका झटक्यात उचललं आणि स्वतःच दचकला.

"काय रं हिरामणदादा, रिकामी गोणी झालास की तू! आणि लुंगी धर, लुंगी. वहिनी हायेत हितं."

तो हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. निशिगंधानं फणसाच्या झाडाकडं तोंड फिरवलं. मागून फक्त खाटेची करकर ऐकू आली. सदू गेल्यावर ती आत डोकावली. हिरामणनं डोक्यावरून चादर घेतली होती.

त्या दुपारी तिनं पडवी झाडली. खाटेच्या भिंतीकडच्या पायापाशी मुंग्यांची रांग लागली होती. वाकून बघितलं तर फरशीच्या फटीत काहीतरी चिकट वाळलेलं. तिनं बोट लावून वास घेतला. पोट साफ व्हायचं गोड औषध. दुखण्याच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं, म्हणून सिस्टरनं ते रोज दोन झाकणं घ्यायला सांगितलं होतं. नवीन झाकण भरून हातात द्यायचा आणि कामावर पळायचा. म्हातारा ते रोज फटीत ओतत होता.

ती झाडू हातात धरून तशीच बसून राहिली. लेकाबिगर घास जात नाही, असं नव्हतंच. लेक घरात नसताना पोटातून काही येऊ नये, म्हणून तो पोटात काही जाऊच देत नव्हता.

श्रद्धा सिस्टर हॉस्पिटलकडून दर पंधरवड्याला बुधवारी यायच्या. पांढरी गाडी रस्त्यावर थांबायची, त्या बॅग घेऊन बांधावरून चालत यायच्या. वय फार नव्हतं, पण आवाज बसका आणि ठाम. त्यांनी कागद काढला.

"काका, स्वतः उठून बसता?"

"बसतो."

"हातानं जेवता?"

"जेवतो."

"संडासला कसे जाता?"

"पोरगा हाय."

"पोरगा कामावर असतो तेव्हा?"

"तवा लागत नाय."

सिस्टरनं लिहायचं थांबवलं. त्यांनी सदरा वर करून पोटावर हात ठेवला. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं. दाबल्यावर हिरामणनं ओठ आत घेतले.

"शेवटचं कधी झालं?"

"काल झालं की."

"नऊ दिवस झाले, सिस्टर," निशिगंधा दाराआडून म्हणाली. सासऱ्याच्या शब्दावर तिनं शब्द टाकला होता. हिरामणची मान हळूहळू भिंतीकडं वळली.

सिस्टर तिला घेऊन अंगणात आल्या. निशिगंधानं मुंग्यांचं सांगितलं, पेजेचं सांगितलं, उंबऱ्यावर पडलेल्याचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "ते नवीनची शिफ्ट बघून जेवतात, सिस्टर. पाणी पण तसंच."

सिस्टरनं कागद घडी करून बॅगेत टाकला. मग म्हणाल्या, "आजारानं जेवढं घेतलं नाही तेवढं या उपाशी राहण्यानं घेतलंय. आत्ता एनिमा द्यावा लागेल, ताई. पोट असंच ठेवता येणार नाही. तासाभरात सुटायला लागेल. मला भिवपुरीकडं तीन पेशंट आहेत, त्यांतला एक फार वाईट आहे. मला थांबता येणार नाही. तुम्हाला करावं लागेल."

"ते मला हात लावू देत नाय."

"मी शिकवते. पुढचं तुम्ही बघा."

त्यांनी उशी घेऊन दाखवलं. माणूस कसा वळवायचा, एक हात खांद्यामागं, एक गुडघ्यामागं, ओढायचं नाही, आपल्याकडं घ्यायचं. मांडीवर कायम पंचा ठेवायचा, हात पंच्याखालून चालवायचे. मग त्या आत गेल्या. निशिगंधाला आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"सून करेल, काका."

"ती नाय."

"मग कोण?"

"पोरगा येतो साडेतीनला."

"तोपर्यंत हे थांबणार नाही."

"मी थांबवीन."

एनिमा देऊन झाल्यावर सिस्टरची गाडी साडेअकराला गेली. साडेबाराला हिरामण कण्हायला लागला. निशिगंधा पडवीच्या दारात बसली होती. तिनं नवीनला दोनदा फोन लावला. फोन लॉकरमध्ये वाजत राहिला असेल. शेवटी ती सदूकडं गेली. सदूच्या केसांत, पापण्यांवर भुसकट होतं. त्यानं मशीन बंद केलं, सगळं ऐकून घेतलं आणि पायानं भात सारखं करत म्हणाला, "वहिनी, उचलायला बोलवा, शंभर वेळा येतो. पण ते... माझ्याच्यानं नाय व्हायचं. मला ओकारी येते. खोटं कशाला बोलू."

ती परत आली तेव्हा वास अंगणापर्यंत आला होता.

"कुणी आत यायचं नाय," आतून आवाज आला.

"मामा, नवीनला यायला अडीच तास हायेत."

"असू दे."

"माश्या बसतायत."

ती उंबऱ्याच्या बाहेर बसून राहिली. अंगणात पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि वाफ वर येत होती. असं कडक ऊन आणि खाली पाणी, म्हणजे शेतातल्या लोंब्यांना कोंब फुटणार. आत्ता ती खाली असती तर दोन वाफे निघाले असते. ती इथं बसली होती आणि काहीच करत नव्हती. आतून कण्हणं येत होतं, मग ते दातांखाली दाबल्यासारखं बंद व्हायचं, परत यायचं. एकदा खाट जोरात करकरली. बहुतेक त्यानं स्वतःच वळायचा प्रयत्न केला असावा.

मग तो रडला. मोठ्यानं नाही. नाकातून, लहान मुलासारखं.

निशिगंधा उठली. चुलीवरचं पाणी बादलीत काढलं, जुन्या साडीचे तुकडे घेतले, पंचा खांद्यावर टाकला आणि आत गेली. हिरामणनं उशाचा तांब्या तिच्यावर फेकला. तो खाटेच्या कडेवर आपटून खालीच पडला आणि पाणी त्याच्याच पायांवर सांडलं.

"बाहेर हो! बाहेर हो म्हणतो ना! लाज नाय तुला?"

"हाय," ती म्हणाली. "तुमाला हाय तेवढीच हाय. पण आता काय करू, सांगा."

त्यानं डोळ्यांवर हात घेतला. दोन्ही हात. हाताची कातडी कोपरापासून पिशवीसारखी लोंबत होती. तिनं मांडीवर पंचा टाकला. एक हात खांद्यामागं, एक गुडघ्यामागं. तो इतका हलका होता की तिनं लावलेला जोर वाया गेला आणि तो तिच्या छातीवर आला. दोघंही एकदम आखडले. मग तिनं त्याला सावरून कुशीवर ठेवलं आणि कामाला लागली. नऊ दिवसांचं होतं. दोनदा ती बाहेर जाऊन थुंकून परत आली. पुसता पुसता डाव्या कुल्ल्यावर हात थांबला. रुपयाएवढं कातडं गेलं होतं आणि आत लाल, ओलं मांस दिसत होतं. पहाटेच्या अंधुक उजेडात घाईनं लुंगी बदलणाऱ्या नवीनला ते दिसलंही नसावं.

"हे कधीपासून हाय?"

तोंडावरचे हात त्यानं शेवटपर्यंत काढले नाहीत.

फडकी धुवायला ती नळावर गेली तर दोन बाया बादल्या उचलून बाजूला झाल्या. त्यांतली एक हळू म्हणाली, "सासऱ्याचं?" निशिगंधा म्हणाली, "हां," आणि साबण लावत राहिली.

संध्याकाळी चुलत सासरे बुधाजी आले. भावकीतलं वडीलधारं माणूस. पडवीत बसून चहा प्यायले आणि जाताना नवीनला अंगणात म्हणाले, "बाप्याचं बाप्यानं करावं रं. सुनेच्या हातनं असलं करून घ्यायची पाळी आपल्यात कुणावर आली नव्हती."

नवीन दमला होता. कंपनीचा निळा शर्ट अजून अंगावरच होता. तो म्हणाला, "मग उद्यापास्नं दुपारचे तुमी येत जा, काका."

बुधाजी काठी उचलून गेले. पण रात्रीचं जेवताना नवीन निशिगंधाला म्हणाला, "मला निरोप तरी द्यायचा गेटवर." तिनं त्याच्या ताटात भात वाढला. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "निरोप आला असता तरी सोडलं नसतं म्हणा."

हिरामणनं तीन दिवस काही खाल्लं नाही. नवीनच्या हातूनही नाही. पाण्यानं ओठ ओले करायचा, गोळी घ्यायचा आणि भिंतीकडं तोंड करायचा. निशिगंधा तेवढ्या दिवसांत वरचे चार वाफे कापून आली. खालचे तसेच राहिले, त्यांना हिरवे कोंब आले होते. बोटावर घेतले तर सुईएवढे, ताजे. पीक गेलं तरी ते इतकं टवटवीत दिसत होतं की तिला त्याचा राग आला.

चौथ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात भाताचं ताट घेऊन बसली होती. सुक्या जवळ्याचं कालवण केलं होतं. नवीन कामावर, ओवी शेजारी खेळायला गेलेली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"हाय का गं काय खायला?"

तिला वाटलं, अंगणात कुणी आलंय. मग कळलं. ती ताट तसंच ठेवून उठली. दारात जाऊन उभी राहिली. हिरामण छताकडं बघत होता.

"भात हाय. जवळा हाय."

"दे वाईच."

तिनं भात मऊ कालवला आणि वाटी त्याच्या हातात दिली. वाटी कलली. शितं छातीवर सांडली. तिनं वाटी परत घेतली आणि भरवायला लागली. पाच घास गेले. सहाव्याला त्यानं मान हलवली.

"खाल्लंय खरं," तो म्हणाला. "आता तुलाच निस्तरायला लागंल."

"निस्तरीन."

"नवीनला नको सांगू, माझ्यामुळं भात कुजलं म्हणून. सांगू नको."

"पावसानं कुजलं."

"खालच्या वाफ्याचा बांध फोड आधी. पाणी ओढ्याला काढ. मग काप. तू उलटं करतेस. हितनं दिसत नाय, पण मला ठाऊक हाय."

तिनं दुसऱ्या दिवशी बांध फोडला. पाणी गेलं. खालच्या वाफ्यातलं निम्मं भात गुरांपुढं टाकावं लागलं, निम्मं हाताशी आलं. ती कापून वर यायची, हात धुवायची आणि त्याचं करायची. तिच्या बोटांना विळ्याचे चिरे पडले होते, साबण झोंबायचा. आता तो तोंडावर हात घ्यायचा नाही, डोळे मिटायचा. कधी म्हणायचा, "हळू." कधी म्हणायचा, "थांब, दम घेऊ दे." एकदा तिनं जखमेला मलम लावताना तो म्हणाला, "तुझा बाप हाय का गं अजून?" सात वर्षांत त्यानं हे विचारलं नव्हतं. "हाय," ती म्हणाली. "चालता फिरता हाय." "बरंय," तो म्हणाला.

पण खाणं उशिरा सुरू झालं होतं. पाच घासांचे तीन झाले, मग चमचाभर पाणी. सिस्टर पंधरवडा न थांबता पुढच्याच बुधवारी आल्या तेव्हा त्यांनी कागद बॅगेतून काढलाच नाही. तोंडात टाकायची गोळी पाण्यात विरघळवून गालात कशी सोडायची, ते निशिगंधाला दाखवलं आणि जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तो गेला शनिवारी. दुपारचे दोन वाजले होते, नवीन नुकताच सेकंडला निघून गेला होता. निशिगंधा त्याला कुशीवर वळवत होती. तिचा हात त्याच्या खांद्यामागं होता, तेव्हाच श्वास गेला आणि परत आला नाही. ती काही क्षण तशीच धरून राहिली. मग हळूच सरळ केलं, लुंगी नीट केली, हनुवटीला फडकं बांधलं आणि सदूला सांगायला गेली.

सदूनं मोटरसायकल काढून कंपनीच्या गेटवर निरोप नेला. नवीन चारला आला. तोवर भावकी जमली होती. अंगणात शेवटच्या अंघोळीसाठी फळी मांडली, चार जणांनी चादर धरून आडोसा केला. बुधाजी पुढं झाले.

"बायांनी आत व्हा. दार लोटून घ्या."

निशिगंधा पडवीत गेली. दार पूर्ण लोटलं नाही. बाहेर बादल्या आपटत होत्या, माणसं एकमेकांना सांगत होती.

"धर रं, मान गेली मागं."

"पाय धर ना, नवीन!"

"अरे सरकतोय, सरकतोय फळीवरनं..."

"ओढ इकडं. ओढ."

फळीवर डोकं आपटल्याचा आवाज आला. तिनं दार उघडलं, पायऱ्या उतरली आणि चादरीखालून वाकून आत गेली. पदर डोक्यावर होता. माणसं ओल्या हातांनी थांबली. नवीन बापाचे घोटे धरून उभा होता आणि त्याला काही सुचत नव्हतं.

बुधाजींनी तोंड उघडलं.

तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. फळीपाशी गुडघ्यावर बसली. एक हात खांद्यामागं घातला, एक गुडघ्यामागं आणि हिरामणला आपल्याकडं घेतलं. ओढलं नाही.

"असं धरायचं," ती म्हणाली. "घाला पाणी. पाठीवर हळू."

कुणी हललं नाही. मग बुधाजींनी तांब्या बादलीत बुडवला, भरला, आणि हात खाली आणून हळू ओतला.